कात्री, डिंक आणि वाइल्ड बिल

एका वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागात मी एकोणीस वर्षं काढली. काढली म्हणजे कापण्यात आणि चिकटवण्यात काढली. सकाळी टेबलावर आठ-दहा वर्तमानपत्रांचा गठ्ठा पडायचा. लाल पेन्सिलीनं खुणा करायच्या, कात्रीनं बातमी कापायची, बदामी कागदावर डिंकानं डकवायची, वर तारीख आणि विषय लिहायचा, आणि पाकिटात टाकायची. 'ऊस – दर'. 'कोयना – भूकंप'. 'पुणे – कचरा' (हे पाकीट दर सहा महिन्यांनी फाटायचं). खालच्या मजल्यावरचे बातमीदार आमच्या विभागाला 'शिवणक्लास' म्हणत. कात्री, दोन बाया आणि एक म्हातारा, दुसरं काय म्हणणार!

तो म्हातारा म्हणजे आमचे विभागप्रमुख, नाना. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, 'बातमी आधीच छापून आलेली असते बाई, फक्त तुकड्यातुकड्यानं आलेली असते.' मला तेव्हा वाटायचं, बढती न मिळालेल्या माणसाचं हे समाधान आहे.

२००८ सालच्या ऑगस्टमध्ये एक बातमी आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं दुसऱ्या महायुद्धातल्या गुप्तचर संघटनेच्या सुमारे चोवीस हजार माणसांच्या नोकरीच्या फायली खुल्या केल्या होत्या. संघटनेचं नाव ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस, थोडक्यात ओएसएस. या फायलींत जूलिया चाइल्डचं नाव होतं. अमेरिकन गृहिणींना टीव्हीवरून फ्रेंच स्वयंपाक शिकवणारी, सहा फूट दोन इंच उंचीची ती बाई. मथळे एकजात एकच, 'सुगरण निघाली हेर!' मी कात्रण कापलं आणि अडले. 'पाककला'त टाकू की 'हेरगिरी – परदेश'मध्ये? नाना म्हणाले, एका पाकिटात टाक आणि दुसऱ्यासाठी कार्ड कर. मी कार्ड केलं, 'चाइल्ड, जूलिया. पाहा: हेरगिरी – परदेश, पाकीट ४.'

मग उत्सुकतेनं तिच्याबद्दल वाचत गेले आणि हसू आलं. ही बाई हेर वगैरे काही नव्हती. वॉशिंग्टनमधल्या मुख्यालयात ती हजारो नावं छोट्या पांढऱ्या कार्डांवर टाइप करत असे. कोण अधिकारी कुठे आहे, याचा माग ठेवायला ती कार्डं लागत. १९४४ साली जहाजानं मुंबई बंदरात उतरून, पुढे रेल्वेनं दक्षिणेकडे जाऊन ती सिलोनमधल्या कँडीला पोचली. तिथे तिच्याकडे काय होतं? कागदपत्रांची नोंदणी. येणारा प्रत्येक गुप्त कागद नोंदवायचा, विषय लावायचा, मागितला की काढून द्यायचा. थोडक्यात शिवणक्लास. ती हेर नव्हती, आमच्यातली होती. आणि ज्या माणसाच्या कचेरीत ती कार्डं टाइप करत होती, त्या माणसापर्यंत मी अशी मागच्या दारानं पोचले.

विल्यम जोसेफ डोनोव्हन. जन्म १ जानेवारी १८८३, न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो. आजोबा आयर्लंडमधून आलेले, वडील रेल्वे यार्डात कामाला. कॅथलिक आयरिश वस्ती, म्हणजे त्या काळच्या बफेलोत गावकुसाच्या आतली पण पंगतीत न बसवलेली माणसं. पोरगा शिकला, कोलंबियातून वकील झाला. त्याच कायदा महाविद्यालयात त्याच सुमारास फ्रँकलिन रूझवेल्ट नावाचा श्रीमंताघरचा मुलगाही होता, पण दोघांत काही सलगी नव्हती. पुढे पक्षही वेगळे, डोनोव्हन रिपब्लिकन आणि रूझवेल्ट डेमोक्रॅट.

पहिल्या महायुद्धात हा न्यूयॉर्कच्या आयरिश पलटणीबरोबर फ्रान्सला गेला. १९१८च्या ऑक्टोबरमध्ये पायात मशीनगनची गोळी लागली, तरी मागे न्यायला नकार देऊन तिथूनच हुकूम देत राहिला. त्यासाठी अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. 'वाइल्ड बिल' हे नाव त्याला पलटणीतच पडलं. गोष्ट अशी सांगतात की त्यानं जवानांना पाठीवर ओझं घेऊन इतकं पळवलं की ते कोसळले. हा म्हणाला, मी पस्तिशीचा, माझ्याही पाठीवर तेवढंच ओझं, मला तर धाप लागली नाही. मागून कुणीतरी ओरडलं, आम्ही तुझ्याइतके वाइल्ड नाही, बिल!

मला मात्र त्याचा एक वेगळाच किस्सा आवडतो. दारूबंदीच्या काळात तो बफेलोत सरकारी वकील होता. १९२३ साली त्यानं सॅटर्न क्लबवर छापा घालायला लावला. क्लब गावातल्या बड्या धेंडांचा, डोनोव्हन स्वतः त्याचा सभासद, आणि बायको त्याच बड्या घरांतली. गावानं त्याला कधी माफ केलं नाही म्हणतात. १९३२ला तो न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि सपाटून पडला. पराभव बफेलोच्या रागामुळे झाला असं नव्हे, त्या वर्षी रूझवेल्टची लाटच होती. पण आपल्याच पंगतीत बसून आपल्याच पंगतीवर छापा घालणारा माणूस निवडणुकीच्या राजकारणात फार पुढे जात नाही, एवढं आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्यात कळतं.

१९४०च्या एप्रिलमध्ये त्याची मुलगी मोटार अपघातात गेली. त्याच उन्हाळ्यात फ्रान्स पडलं. जुलैमध्ये रूझवेल्टनं, म्हणजे विरोधी पक्षाच्या राष्ट्राध्यक्षानं, या सत्तावन्न वर्षांच्या माणसाला लंडनला पाठवलं. प्रश्न एकच होता, इंग्लंड टिकेल का? लंडनमधला अमेरिकेचा राजदूत जोसेफ केनेडी निराश अहवाल पाठवत होता. डोनोव्हनला चर्चिल भेटला, राजा भेटला, ब्रिटिश हेरखात्याचा प्रमुख भेटला. ब्रिटिशांनी त्याच्यासमोर सगळी कपाटं उघडली, कारण त्यांना मदत हवी होती. हा परत येऊन म्हणाला, टिकेल, मदत दिलीत तर.

त्या वेळी अमेरिकेकडे हेरखातं असं काही नव्हतंच. लष्कराचं वेगळं, नौदलाचं वेगळं, परराष्ट्र खात्याचं वेगळं, एफबीआयचं वेगळं, आणि कुणी कुणाला काही सांगायचं नाही. हेन्री स्टिम्सन नावाच्या परराष्ट्रमंत्र्यानं १९२९ साली सांकेतिक तारा फोडणाऱ्या कचेरीचे पैसेच बंद केले होते. त्याचं वाक्य प्रसिद्ध आहे, 'सभ्य गृहस्थ एकमेकांची पत्रं वाचत नाहीत.' हाच सभ्य गृहस्थ १९४१ साली युद्धमंत्री होता आणि जपान्यांची पत्रं रोज वाचत होता.

११ जुलै १९४१ रोजी रूझवेल्टनं डोनोव्हनला 'माहिती समन्वयक' असं मिळमिळीत नाव असलेलं पद दिलं. या माणसानं पहिल्या झपाट्यात काय उभं केलं असेल? पिस्तुलं, विषाच्या गोळ्या, पॅराशूट? ते सगळं नंतर. सुरुवातीलाच तो गेला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. तिथला ग्रंथपाल आर्चिबाल्ड मॅक्लीश हा कवी होता. दोघांनी ठरवलं की देशातले इतिहासकार, भूगोलतज्ज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, भाषातज्ज्ञ या ग्रंथालयात आणून बसवायचे आणि त्यांना वाचायला लावायचं. शत्रूच्या देशात रेल्वेचे फाटे कुठे आहेत, बंदराची खोली किती, कोळसा कुठून येतो. यातलं बरंचसं छापून आलेलंच असतं, कुणाच्या तरी प्रबंधात, जुन्या प्रवासवर्णनात, खाण कंपनीच्या वार्षिक अहवालात. फक्त तुकड्यातुकड्यानं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. नाना तोवर वारले होते.

७ डिसेंबर १९४१चा रविवार. डोनोव्हन न्यूयॉर्कमध्ये पोलो ग्राउंड्सवर फुटबॉलचा सामना बघत होता. ध्वनिक्षेपकावरून त्याचं नाव पुकारलं गेलं. पर्ल हार्बर. त्या रात्री उशिरा तो रूझवेल्टसमोर बसला होता. नव्या कचेरीला जेमतेम पाच महिने झाले होते, आणि हल्ल्याची बातमी आधी मिळायला हवी होती ती कुणालाच मिळाली नाही. की मिळाली होती, तुकड्यातुकड्यानं, आणि कुणी डकवली नाही? यावर आजही भांडणं होतात.

१३ जून १९४२ला कचेरीचं नाव ओएसएस झालं. वॉशिंग्टनमधल्या ज्या इमारतींत ते बसले त्यांतल्या एकीत वरच्या मजल्यावर आरोग्य संस्थेचे प्रयोगाचे प्राणी होते. बर्लिन रेडिओनं म्हणे याची भरपूर टिंगल केली, प्राध्यापक, माकडं आणि शेळ्या! वॉशिंग्टनचे लोक ओएसएस या अक्षरांतून 'ओह सो सोशल' असा खडूस अर्थ काढत, कारण श्रीमंतांची पोरंही तिथे भरपूर होती. १९४४च्या अखेरीस एकूण माणसं तेरा हजारांच्या घरात, त्यात साडेचार हजारांवर बायका. या बायकांतल्या बहुसंख्य टाइप, नोंदी, फायली, नकाशे, संकेत यांत बुडालेल्या. डोनोव्हनला कसा उमेदवार हवा होता, यावर त्याच्या नावानं एक वाक्य खपतं, पीएचडी झालेला, पण गुत्त्यातली मारामारी जिंकणारा. गुत्त्याचं माहीत नाही, पण पीएचडी खूप होते. संशोधन आणि विश्लेषण शाखेचा प्रमुख हार्वर्डचा इतिहासकार विल्यम लँगर होता, आणि त्याच्या हाताखाली सुमारे नऊशे विद्वान. त्यांत हर्बर्ट मार्कूजसारखे हिटलरच्या जर्मनीतून पळून आलेले मार्क्सवादी तत्त्वज्ञही होते. भांडवलदारांच्या वकिलानं मार्क्सवादी पदरी ठेवले, कारण जर्मनी त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती.

आता कात्रणांची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

युद्ध पेटल्यावर शत्रूची वर्तमानपत्रं, मासिकं, तांत्रिक नियतकालिकं अमेरिकेत यायची बंद झाली. १९४१च्या डिसेंबरमध्येच परकीय प्रकाशनं मिळवण्यासाठी एक समिती नेमली गेली. ती चालवणारा फ्रेडरिक किलगोर हा हार्वर्डच्या ग्रंथालयातला तरुण. याची माणसं तटस्थ देशांत पसरली, लिस्बनला, स्टॉकहोमला. स्टॉकहोमला गेली अ‍ॅडेल कीब्रे. लॅटिनमध्ये पीएचडी. युद्धाआधी ती युरोपातल्या ग्रंथालयांत जुनी हस्तलिखितं विद्वानांसाठी मायक्रोफिल्मवर उतरवून देत असे. तिनं तोच कॅमेरा जर्मन नियतकालिकांवर रोखला. पुस्तकविक्रेते, ग्रंथपाल, ओळखीपाळखी, सगळं वापरून वर्गणी भरायची, अंक मिळवायचा, फोटो काढायचे, फिल्म विमानानं रवाना. एकही भिंत ओलांडली नाही तिनं. (किलगोरनं पुढे, १९६७ साली, ग्रंथालयांच्या संगणकीय सूचीचं जाळं उभं केलं. त्यातूनच आजची जगभराची सामाईक ग्रंथसूची निघाली. ग्रंथपाल युद्धावर गेला तरी परत येऊन सूचीच करतो.)

आणि या वर्तमानपत्रांत ते काय वाचत होते? निधनवार्ता. जर्मन गावांतल्या छोट्या पत्रांत रणांगणावर पडलेल्या अधिकाऱ्यांच्या निधनवार्ता छापून येत. त्या मोजायच्या. एका अधिकाऱ्यामागे साधे सैनिक किती मरतात याचं प्रमाण ढोबळमानानं ठाऊक असतं, त्यावरून गुणाकार. सरकार आकडे दडवतं, पण आई मुलाच्या नावाची चौकट छापायची राहत नाही.

आमच्याकडे निधनवार्तेचं पान मी रोज न वाचता रद्दीच्या ढिगात टाकत असे.

डोनोव्हन स्वतः मात्र या वाचनालयात बसणारा नव्हता. कचेरी चालवायची कला त्याच्याकडे नव्हतीच, हे त्याचे चाहतेही कबूल करतात. कुठलीही अचाट कल्पना कुणीही घेऊन यावं, हा म्हणणार, करून बघा! त्याचा रसायनतज्ज्ञ स्टॅन्ली लव्हेल यानं चीनमधल्या कामासाठी पिठासारखं दिसणारं स्फोटक बनवून घेतलं. वरून अधिकारी शोधत असले की साहेब अल्जीरियात, नाहीतर ब्रह्मदेशात. ६ जून १९४४ला दोस्तांच्या फौजा फ्रान्समध्ये उतरल्या, त्यानंतर लगेचच, जाऊ नये असं सांगितलेलं असताना, एकसष्ट वर्षांचा हा जनरल नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला. बरोबर लंडन शाखेचा प्रमुख डेव्हिड ब्रूस. पुढचा किस्सा ब्रूसनंच सांगून ठेवलाय. मशीनगनच्या माऱ्यात दोघं जमिनीला चिकटून पडले. डोनोव्हन म्हणाला, आपण पकडले जाता कामा नये, आपल्याला फार माहिती आहे, विषाच्या गोळ्या आहेत ना? ब्रूसकडे नव्हत्या. डोनोव्हननं आपले खिसे चाचपले. त्याही नव्हत्या. लंडनच्या हॉटेलात राहिल्या होत्या. तेव्हा त्याला काळजी पडली ती हॉटेलच्या नोकराची, त्यानं त्या खाल्ल्या तर? मग शांतपणे म्हणाला, वेळ आली तर आधी तुला गोळी घालीन, मग मला.

अशा माणसावर जीव टाकावासा वाटतो आणि अशा माणसाच्या हाताखाली कारकुनी करावी लागू नये असंही वाटतं.

चुकाही साजेशाच मोठ्या. त्याच्या वकिली कचेरीतला, त्यानंच ओएसएसमध्ये आणलेला डंकन ली हा सोविएत हेरांना माहिती पुरवत होता. आणि १९४४च्या अखेरीस रोमच्या शाखेला घबाड मिळालं. व्हॅटिकनच्या आतले अहवाल, पोप कुणाशी काय बोलला त्याचे शब्दशः वृत्तांत. पैसे मोजून घेतले, थेट राष्ट्राध्यक्षांच्या टेबलापर्यंत गेले. ते सगळे व्हर्जिलिओ स्कात्तोलिनी नावाच्या इसमानं घरबसल्या रचलेले होते. हा एकेकाळी चावट पुस्तकं लिहायचा, आणि पत्रकारही होता. छापून आलेलं वाचणाऱ्यांनी निधनवार्तांतून जर्मन सैन्य मोजलं, आणि 'आतली' बातमी विकत घेणारे फसले! जुन्या मराठीत हेराला बातमीदार म्हणत. खालच्या मजल्यावरच्या आमच्या बातमीदारांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फार आवडलं. स्कात्तोलिनीची गोष्ट सांगितली ती तितकी आवडली नाही.

शत्रू डोनोव्हननं बर्लिनपेक्षा वॉशिंग्टनमध्ये जास्त जमवले. एफबीआयचा प्रमुख हूव्हर एकेकाळी न्याय खात्यात त्याच्या हाताखाली होता, तो ते विसरला नाही. त्यानं दक्षिण अमेरिका ओएसएसला मिळू दिली नाही. पॅसिफिकमध्ये सेनापती मॅकआर्थरनं पाऊल ठेवू दिलं नाही. फोडलेल्या जपानी तारा लष्करानं त्याला दाखवल्या नाहीत. युद्धानंतरही कायमचं हेरखातं असावं, असा मसुदा त्यानं रूझवेल्टला दिला होता. १९४५च्या फेब्रुवारीत तो वर्तमानपत्रात फुटला, 'अमेरिकन गेस्टापो' (गेस्टापो म्हणजे हिटलरचे गुप्त पोलीस) अशी ओरड झाली. फोडला कुणी? बोट हूव्हरकडे दाखवलं गेलं. एप्रिलमध्ये रूझवेल्ट गेला. त्याच्या जागी आलेल्या ट्रूमनला हा माणूस मुळीच रुचत नव्हता. २० सप्टेंबर १९४५ला त्यानं सही केली, १ ऑक्टोबरपासून ओएसएस बंद.

निरोपसमारंभ २८ सप्टेंबरला झाला. जागा कुठली, तर कचेरीजवळचं स्केटिंगचं मैदान, एक छप्पर असलेली रिंक. सुमारे सातशे माणसं रांगेनं उभी. डोनोव्हन म्हणाला, एका अनोख्या प्रयोगाच्या शेवटाशी आपण आलो आहोत. दोन वर्षांनी सीआयए ही कायमची हेरसंस्था निघाली तेव्हा तिचं प्रमुखपद त्याला मिळालं नाही. १९५३मध्ये राजदूत म्हणून थायलंडला पाठवलं. ८ फेब्रुवारी १९५९ला तो गेला. आज सीआयएच्या मुख्यालयात दारातच त्याचा पुतळा आहे.

पण त्या शाखेतल्या विद्वानांचं काय झालं, हे मला पुतळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण त्यातला एक धागा पुण्यात येतो. भारत विभाग सांभाळत होते डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले संस्कृतचे प्राध्यापक. वडील मिशनरी, त्यामुळे बालपण जबलपूरला गेलेलं. युद्धात त्यांना जाणवलं की भारत समजणारी माणसं अमेरिकेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. १९४८ साली त्यांनी आपल्या विद्यापीठात दक्षिण आशियाचा विभाग सुरू केला. १९६१ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज निघाली, पहिले अध्यक्ष तेच, आणि भारतातलं तिचं ठाणं येरवड्याला, डेक्कन कॉलेजात. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरांवरचा आणि महार चळवळीवरचा प्रबंध १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातच पूर्ण केला. शत्रूचे आणि मित्रांचे देश 'वाचण्यासाठी' युद्धात जी सवय लावली गेली, तिच्या एका फांदीला हे फळ लागलं. याला हेरगिरी म्हणणारेही आपल्याकडे होते आणि आहेत. मला विचाराल तर ज्यांनी आपल्या दलित चळवळीचे पत्रकांचे चतकोर कागद आपल्याआधी जपून ठेवले, त्यांच्यावर संशय घेण्याआधी आपण आपली रद्दी तपासावी.

आमची रद्दी २०११ साली निघाली. मी तोवर नोकरी सोडली होती. नवीन व्यवस्थापनाला मजला हवा होता, 'सगळं नेटवर आहे' हे कारण होतं. एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला म्हणून गेले. चार टेम्पो उभे होते. पाकिटं वजनकाट्यावर चढत होती, 'कोयना', 'ऊस', 'पुणे – कचरा'. माझ्या पिशवीत मावला तो कार्डांचा एक खण मी उचलून आणला, आणि कुणी अडवलं नाही. घरी आल्यावर उघडला तर 'च' आणि 'छ'चा खण. 'चाइल्ड, जूलिया. पाहा: हेरगिरी – परदेश, पाकीट ४.' ते पाकीट टेम्पोत होतं.

त्या वर्षी आमच्याकडे एक अमेरिकन मुलगी राहत होती, ब्राउन यांच्या त्या अमेरिकन इन्स्टिट्यूटच्या मराठी वर्गाला जाणारी. पांढऱ्या कार्डांवर शब्द लिहून पाठ करायची. उलथणं, चाळणी, फडताळ असं सगळं आमच्या स्वयंपाकघरात चिकटवलेलं. मी खण मांडीवर घेऊन बसलेली बघून तिनं विचारलं, 'काकू, काय झालं?' मी सांगितलं. तिला एक शब्द कळला नाही. तिनं कोरं कार्ड काढलं, वर देवनागरीत सावकाश लिहिलं, 'रद्दी', आणि पेन तसंच धरून विचारलं, तो की ती?

'ती,' मी म्हटलं. 'ती रद्दी.'